वेतन, अंशदान आणि मानधन : वऱ्हाडातील निवृत्तिवेतनाच्या लढ्याचा शब्दांच्या अंगाने विचार

१

वऱ्हाडचा अर्वाचीन इतिहास ज्या तहाने सुरू होतो, तो तह थकलेल्या पगारातून निघालेला आहे. ‘हैदराबाद कंटिंजंट’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेचा खर्च निजामाने द्यावयाचा, तो थकला. कंपनी सरकारने तो आपल्या पदरचा भरला. आणि त्या देण्यापोटी व पुढील खर्चाच्या तरतुदीसाठी २१ मे १८५३ च्या तहाने इतर काही मुलखाबरोबर वऱ्हाड प्रांत कंपनीकडे लावून देण्यात आला. पुढे १९०२ मध्ये कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडावर हा प्रांत निजामाकडून कायमचा घेतला व १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला. शिपायांच्या वेतनासाठी एक सबंध प्रांत तारण पडावा, ही घटना वेतन ह्या वस्तूचे राजकीय वजन पुरेसे स्पष्ट करते. वेतन हे देणे आहे, ते थकविता येत नाही आणि थकविले तर त्याची किंमत द्यावी लागते, हा व्यवहाराचा नियम त्या तहाच्या मुळाशी होता.

ह्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, २००५ मध्ये, ह्याच प्रांतात वेतनाचा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. सेवेत असताना मिळणाऱ्या वेतनाविषयी फारसा वाद नव्हता. सेवा संपल्यावर मिळणारे निवृत्तिवेतन हे देणे आहे की कृपा, की कर्मचाऱ्याची स्वतःची शिल्लक, असा तो वाद होता. अमरावती व अकोला ह्या जिल्ह्यांत हा वाद शाळा, कचेऱ्या, रुग्णालये आणि मेळघाटातील अंगणवाड्या ह्यांतून २० वर्षे चालला व विधानपरिषदेच्या निवडणुकीपर्यंत पोहोचला. ह्या वादाचे अर्थशास्त्रीय विवेचन पुष्कळ झाले आहे. येथे त्याचा विचार ज्या शब्दांतून तो लढला गेला, त्या शब्दांच्या अंगाने करावयाचा आहे. कारण शासकीय व्यवहारात रक्कम कोणत्या नावाखाली दिली जाते, ह्यावर तिच्यावरचा हक्क अवलंबून असतो; आणि नाव बदलले की रक्कम तीच राहूनही हक्क नाहीसा होऊ शकतो, असे ह्या इतिहासावरून दिसते.

२

निवृत्तिवेतनाची कल्पना इंग्रजी राज्याबरोबरच आली, असा एक समज आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. मराठेशाहीत लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस जी नेमणूक करून दिली जाई तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. विद्वान ब्राह्मणांस ‘वर्षासन’ मिळे. सरदारांस व आश्रितांस ‘नेमणूक’ किंवा ‘तनखा’ मिळे. ह्या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे : देणारा धनी आहे आणि घेणारा त्याच्या आश्रयास आहे. बालपरवेशीत मात्र आणखी एक अंश आहे. ती केलेल्या सेवेशी जोडलेली आहे. शिपायाने प्राण दिला म्हणून त्याच्या घराचे पोषण धन्याकडे आले, असा तिचा भाव आहे. आजच्या परिभाषेत जिला ‘कुटुंब निवृत्तिवेतन’ म्हणतात तिचे हे पूर्वरूप मानता येईल.

इंग्रजी अमलात ‘पेन्शन’ हा शब्द आला व तो मराठीत चटकन रुजला. त्याचे लिंग स्त्रीलिंगी ठरले. ‘पेन्शनीत निघणे’, ‘पेन्शन बसणे’ असे वाक्प्रयोग तयार झाले. ‘पेन्शनर’ हा तर गावोगावचा एक प्रतिष्ठित माणूस ठरला. तथापि कायद्याच्या दृष्टीने ही पेन्शन जुन्या तनख्यापेक्षा फारशी वेगळी नव्हती. १८७१ चा पेन्शन कायदा पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. सरकारने दिलेल्या पेन्शनीसंबंधी दिवाणी न्यायालयात दावा चालविण्यास त्या कायद्याने बंदी केली; जिल्हाधिकाऱ्याचा दाखला असेल तरच असा दावा ऐकला जाई. सावकाराला पेन्शनीवर जप्ती आणता येत नसे, एवढे संरक्षण त्यात होते. परंतु खुद्द सरकारपुढे पेन्शनर हा याचकच होता.

ही स्थिती बदलली ती १९७१ मध्ये. योगायोगाने हे एकच वर्ष दोन प्रकारच्या नेमणुकांच्या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या मे महिन्यात देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हा शासनाच्या मर्जीचा विषय नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असे ठरविले. आणि डिसेंबरमध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजाचा तनखा गेला आणि कारकुनाची पेन्शन हक्क झाली. सेवेशी न जोडलेली नेमणूक टिकली नाही. सेवेशी जोडलेली नेमणूक टिकली.

ह्या विचारसरणीची पूर्ण मांडणी १७ डिसेंबर १९८२ च्या नाकारा खटल्याच्या निकालात झाली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने निवृत्तिवेतन हे बक्षीस नव्हे, अनुग्रह नव्हे, तर पूर्वी केलेल्या सेवेचा लांबणीवर टाकलेला मोबदला आहे, असा निर्वाळा दिला. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर लोक ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळतात तो ह्यामुळेच. त्याच वर्षी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम तयार झाले. ‘निवृत्तिवेतन’ हा शब्द ह्या दृष्टीने फार बोलका आहे. ‘पेन्शन’ ह्या शब्दात वेतनाचा उल्लेख नाही. ‘निवृत्तिवेतन’ ह्या शब्दात तो उत्तरपदी, म्हणजे समासातील प्रधान पदी आहे. निवृत्ती हे विशेषण आहे, वेतन हे विशेष्य आहे. न्यायालयाने जो सिद्धांत १९८२ मध्ये मांडला तो मराठी परिभाषेने समासातच सांगून ठेवला होता.

३

२००५ हे वर्ष वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासात एका वेगळ्या अर्थाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी तीन निरनिराळ्या निर्णयांनी तीन शब्द ह्या प्रांताच्या रोजच्या व्यवहारात आणले किंवा दृढ केले. ते निर्णय परस्परांशी जोडून पाहण्याची पद्धत नाही. परंतु एकत्र पाहिल्याखेरीज पुढील संघर्षाचे स्वरूप उलगडत नाही.

पहिला शब्द ‘अंशदान’. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून सेवेत येणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना (सैन्यदले वगळून) नवी निवृत्तिवेतन पद्धती लागू केली होती. महाराष्ट्र शासनाने ३१ ऑक्टोबर २००५ च्या निर्णयाने तिचे अनुकरण केले. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत येणाऱ्यास १९८२ चे नियम लागू होणार नाहीत. त्याच्यासाठी ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’ राहील, असे ठरले. जुन्या नियमांत शेवटच्या वेतनाच्या निम्मी रक्कम निवृत्तिवेतन म्हणून निश्चित असे व महागाईभत्ता तिच्याबरोबर वाढत जाई. नव्या योजनेत मूळ वेतन व महागाईभत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या १० टक्के कर्मचाऱ्याने भरावयाचे, तितकेच शासनाने घालावयाचे, आणि साठलेल्या रकमेतून शेवटी जी वार्षिकी विकत मिळेल ती घ्यावयाची. योजनेच्या नावात ‘परिभाषित’ हे विशेषण ‘अंशदाना’स लावलेले आहे, ‘निवृत्तिवेतना’स नव्हे. भरणा किती हे निश्चित. मिळकत किती हे अनिश्चित. नाव प्रामाणिक होते. फक्त ते वाचण्याची तसदी त्या वेळी थोड्यांनी घेतली.

दुसरा शब्द ‘मानधन’. हा शब्द जुनाच. परंतु एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्याच्याबरोबर आरोग्यसेवेत कंत्राटी परिचारिका, तंत्रज्ञ, वैद्यकीय अधिकारी आणि ‘आशा स्वयंसेविका’ असा एक मोठा वर्ग तयार झाला. ह्या वर्गास वेतनश्रेणी नव्हती. काहींना एकत्रित मानधन, तर आशांना कामागणिक मोबदला मिळे. सार्वजनिक आरोग्याचा विस्तार झाला खरा. पण तो वेतन व निवृत्तिवेतन ह्यांच्या कक्षेबाहेर झाला.

तिसरा शब्द ‘पॅकेज’. कापसाच्या शेतीतील अरिष्ट व शेतकऱ्यांच्या आत्महत्या ह्यांमुळे डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठी १,०७५ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी त्याच सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. ह्या रकमांना वऱ्हाडात ‘पॅकेज’ हेच नाव पडले.

अंशदान, मानधन, पॅकेज ह्या तिन्ही शब्दांत ‘वेतन’ नाही. एकात कर्मचारी स्वतःच्या म्हातारपणाचा भागीदार होतो; दुसऱ्यात कामकरी स्त्री मानाची धनी होते, धनाची होत नाही; तिसऱ्यात शेतकरी संकटग्रस्त ठरतो. देय रकमेवरचा नित्य हक्क तिघांनाही मिळत नाही. आठ-नऊ महिन्यांच्या अवधीत एकाच प्रांतातील तीन मोठे समाजगट अशा रीतीने वेतनाच्या बाहेर उभे राहिले. पुढे ते परस्परांविरुद्ध बोलताना दिसतात, ह्याचे मूळ येथे आहे.

४

नव्या योजनेची झळ प्रथम काही वर्षे जाणवली नाही, हे स्वाभाविक होते. २००५ नंतर लागलेला शिक्षक निवृत्त होण्यास २५–३० वर्षांचा अवकाश होता. झळ लागली ती निवृत्तीने नव्हे, मृत्यूने. सेवेत असताना कर्मचारी मरण पावला म्हणजे १९८२ च्या नियमांप्रमाणे त्याच्या पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन व उपदान मिळत असे. नव्या योजनेत ही तरतूद नव्हती. केंद्राने आपल्या नव्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत २००९ मध्येच ही उणीव भरून काढली. महाराष्ट्रात ती तशीच राहिली. एका शाळेत दोन शिक्षक, एक २००५ च्या ऑक्टोबरात रुजू झालेला व दुसरा नोव्हेंबरात. दोघेही अकाली गेले तर एकाच्या घरी दरमहा निवृत्तिवेतन येई, दुसऱ्याच्या घरी साठलेल्या अंशदानाचा हिशोब येई, तोही पुष्कळदा उशिरा.

शासनाने २०१८ मध्ये ह्यावर एक उपाय योजला. दहा वर्षांची सेवा होण्यापूर्वी मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबास १० लाख रुपये देण्याचे ठरले. ह्या रकमेचे नाव ‘सानुग्रह अनुदान’. नाकारा खटल्यात न्यायालयाने निवृत्तिवेतन हे अनुग्रह नव्हे असे म्हटले होते. ३६ वर्षांनी निवृत्तिवेतनाच्या जागी जे आले त्याच्या नावातच अनुग्रह होता. रक्कम लहान नव्हती. परंतु बालपरवेशीच्या धन्याकडे विधवेला पुन्हा जावे लागले. कुटुंब निवृत्तिवेतन, रुग्णता निवृत्तिवेतन व उपदान नव्या कर्मचाऱ्यांनाही लागू करण्याचा निर्णय मार्च २०२३ च्या अखेरीस, म्हणजे मूळ निर्णयानंतर १७ वर्षांनी झाला.

वऱ्हाडातील खाजगी शाळांच्या शिक्षकांच्या बाबतीत आणखी एक शब्द निर्णायक ठरला : ‘अनुदान’. २००५ पूर्वी नेमणूक झालेली, पण शाळेला १०० टक्के अनुदान त्यानंतर मिळाले, अशा शिक्षकांना जुने नियम लागू नाहीत अशी भूमिका शासनाने घेतली. शिक्षक केव्हा शिकवू लागला ह्यापेक्षा संस्थेला पैसे केव्हा मिळू लागले ही तारीख त्यामुळे महत्त्वाची झाली. संस्थेच्या अनुदानाची तारीख शिक्षकाच्या हातात नसते. ह्या शिक्षकांनी न्यायालये व विधिमंडळ दोन्हीकडे दाद मागितली. जुन्या पेन्शनीच्या लढ्यात हा वर्ग अग्रभागी राहिला तो ह्यामुळे.

संघटनांनी लढ्यासाठी जी घोषणा निवडली तिच्यात शासकीय परिभाषेतील एकही शब्द नाही. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ह्या घोषणेतील दोन्ही यमकपदे इंग्रजी आहेत. ‘निवृत्तिवेतन’ ह्या शब्दात हक्काची मीमांसा आहे, परंतु तो कचेरीच्या कागदावरचा राहिला. घरातला शब्द ‘पेन्शन’ हाच होता. राजकीय भाषेत ‘जुने’ हे विशेषण बहुधा निंदाव्यंजक असते आणि सुधारणेचे समर्थन ‘नव्या’ने होते. येथे उलट झाले. ‘नवी’ पेन्शन ही उणी आणि ‘जुनी’ ही पुरी, असा अर्थपालट दहा-पंधरा वर्षांत इतका पक्का झाला की शासनाच्या प्रवक्त्यांनाही हीच दोन विशेषणे वापरणे भाग पडले.

ह्या घोषणेचे राजकीय सामर्थ्य २०२३ च्या प्रारंभी दिसून आले. २०२२ मध्ये राजस्थान व छत्तीसगड ह्या राज्यांनी जुनी पद्धती परत आणण्याचे जाहीर केले होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी जुनी योजना लागू केल्यास १ लाख १० हजार कोटी रुपयांचा भार पडेल, सबब ती लागू करता येणार नाही, असे सभागृहात सांगितले. महिन्याभरात, जानेवारीतील प्रचाराच्या वेळी, शासन ह्या प्रश्नावर नकारात्मक नाही असे त्यांनीच सांगितले. ३० जानेवारी २०२३ रोजी अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघात मतदान झाले. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे पाच जिल्हे ह्या मतदारसंघात येतात. प्रा. बी. टी. देशमुख ह्यांनी सुमारे तीन दशके त्याचे प्रतिनिधित्व केले होते. प्राध्यापक-शिक्षकांच्या संघटनांचे बळ येथे जुने आहे. त्यांच्यानंतर दोन वेळा निवडून आलेले अकोल्याचे डॉ. रणजित पाटील, जे पूर्वी गृहराज्यमंत्री होते, ते ह्या निवडणुकीत काँग्रेसच्या धीरज लिंगाडे ह्यांच्याकडून तीन हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. त्याच वेळी नागपूर विभागाच्या शिक्षक मतदारसंघात नागो गाणार ह्यांचा सुधाकर अडबाले ह्यांनी पराभव केला.

ह्या निकालांचे श्रेय एकट्या पेन्शनीच्या प्रश्नास देणे अतिव्याप्तीचे होईल. पदवीधरांत बेकारांची संख्या मोठी होती व त्यांचे गाऱ्हाणे निराळे होते. परंतु नोंदणी करून मत देणाऱ्या पदवीधरांत शिक्षक व कर्मचारी ह्यांचे प्रमाण लक्षणीय असते, आणि दोन्ही पक्षांना प्रचारात ह्या प्रश्नावर भूमिका घ्यावी लागली, एवढे निर्विवाद आहे.

५

१४ मार्च २०२३ रोजी राज्यातील शासकीय व निमशासकीय कर्मचारी व शिक्षक बेमुदत संपावर गेले. महाराष्ट्रात ह्यापूर्वीचा सर्वांत दीर्घ असा कर्मचाऱ्यांचा संप १४ डिसेंबर १९७७ ते ५ फेब्रुवारी १९७८ असा ५४ दिवस, र. ग. कर्णिक ह्यांच्या नेतृत्वाखाली झाला होता. तो केंद्राप्रमाणे महागाईभत्ता मिळावा म्हणून होता; निवृत्तिवेतन त्या वेळी वादाचा विषय नव्हते. १९७७ चा कर्मचारी वाढत्या भावाशी झगडत होता. २०२३ चा कर्मचारी २५ वर्षांनंतरच्या स्वतःच्या आयुष्यासाठी झगडत होता. शासनाने त्याच दिवशी अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचे विधेयक विधिमंडळात संमत करून घेतले, आणि सुबोधकुमार, के. पी. बक्षी व सुधीरकुमार श्रीवास्तव ह्या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ह्यांच्याशी बोलणी होऊन २० मार्च रोजी संप मागे घेण्यात आला.

ह्या सात दिवसांत संघर्षाची दुसरी बाजू उघडी पडली. शासकीय रुग्णालयांतील परिचारिका व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी संपात होते. त्यामुळे नियोजित शस्त्रक्रिया राज्यात ठिकठिकाणी पुढे ढकलाव्या लागल्या. अमरावतीचे ‘इर्विन’ व ‘डफरिन’ किंवा अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ ह्या रुग्णालयांची नावे व्हाइसरॉयांच्या व त्यांच्या पत्नींच्या आठवणी जपतात. पण तेथे येणारा रोगी हा खेड्यातला, मजुरी करणारा आणि खाजगी इस्पितळाचा खर्च न झेपणारा असतो. त्याला निवृत्तिवेतन नाही व संपाचा अधिकारही नाही. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस व गारपीट झाली. हरभरा, गहू व संत्र्याचे नुकसान झाले. आणि तलाठी व कृषी सहायक संपावर असल्यामुळे पंचनामे रखडले. ‘पॅकेज’चा शेतकरी व ‘अंशदाना’चा कर्मचारी असे समोरासमोर आले.

शासनाच्या बाजूचा युक्तिवाद ह्या ठिकाणी सर्वांत बळकट होता, हे मान्य केले पाहिजे. वेतन, निवृत्तिवेतन व कर्जावरील व्याज ह्यांवर महसुलाचा मोठा भाग खर्ची पडत असेल तर रुग्णालये, सिंचन व शाळा ह्यांसाठी उरते काय, हा प्रश्न खोटा नाही. जुन्या योजनेचा भार आज दिसत नाही. तो ज्या पिढीने त्या सेवेचा लाभ घेतलेला नाही तिच्यावर पडतो. वऱ्हाडात तर ह्या प्रश्नाला आणखी एक धार आहे. प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोल मोजला, तेव्हा सार्वजनिक आरोग्य हे अनुशेषाच्या क्षेत्रांपैकी एक होते. ‘अनुशेष’ हा शब्द वऱ्हाडी राजकारणात ह्या समितीने रूढ केला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली व ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. ज्या प्रदेशाचे देणे राज्याकडे थकलेले आहे असे अधिकृतपणे मोजले गेले, तेथे कर्मचाऱ्याचे देणे आधी की प्रदेशाचे आधी, असा पेच पडला.

परंतु ह्या युक्तिवादात एक दोष आहे. निवृत्तिवेतन कमी केल्यामुळे आरोग्यावरील खर्च वाढतो असे त्यात गृहीत धरलेले आहे. २००५ नंतरचा वऱ्हाडचा अनुभव ह्या गृहीतास पुष्टी देत नाही. निवृत्तिवेतन ज्या वर्षी कमी झाले, त्याच वर्षापासून आरोग्यसेवेतील नवी माणसे मानधनावर आली. दोन्ही ठिकाणी काटकसरीची पद्धत एकच होती : काम चालू ठेवावयाचे व ‘वेतन’ हा शब्द काढून घ्यावयाचा.

६

ही पद्धत मेळघाटात विशेष स्पष्ट दिसते. धारणी व चिखलदरा ह्या तालुक्यांतील बालमृत्यूंकडे १९९३ मध्ये साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले. परंतु शासनाचे लक्ष त्यापूर्वीही तेथे होते. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात तिचा प्रारंभ मुंबईची धारावी व अमरावती जिल्ह्यातील धारणी येथे झाला. म्हणजे अंगणवाडी सेविका ही संस्था वऱ्हाडात पहिल्या दिवसापासून आहे. बालकांची वजने घेणे, आहार देणे, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणे, लसीकरणास मुले जमविणे ही कामे ती करते. तिच्या जोडीस २००५ नंतर आशा आली. दुर्गम पाड्यात सार्वजनिक आरोग्यसेवा म्हणजे प्रत्यक्षात ह्या दोन स्त्रिया होत.

परिभाषेत मात्र एक ‘सेविका’ आहे व दुसरी ‘स्वयंसेविका’. सेविका हा शब्द सेवेशी जोडलेला असूनही सेवाशर्तींशी जोडलेला नाही. स्वयंसेविका ह्या शब्दाने तर मोबदल्याची अपेक्षाच अनुचित ठरते. राज्याच्या योजनेत काम संपतेवेळी अंगणवाडी सेविकेस १ लाख व मदतनिसास ७५ हजार रुपये एकरकमी देण्याचे ठरले होते. दरमहा निवृत्तिवेतन नव्हते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील मणिबेन भारिया ह्यांच्या खटल्यात अंगणवाडी सेविका व मदतनीस १९७२ च्या उपदान कायद्याखाली येतात आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे ठरविले. शब्दामागचा व्यवहार पाहून शब्द बाजूला सारण्याचे हे उदाहरण आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी ५० दिवसांहून अधिक काळ संप केला, त्यात उपदान व मासिक पेन्शन ह्या मागण्या होत्या. आशांचे संप ऑक्टोबर २०२३ व जानेवारी २०२४ मध्ये झाले. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या मोबदल्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ झाली. कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या २०२३ च्या संपानंतर दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या ‘समायोजना’चा निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, तो अमलात यावा म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून त्यांना पुन्हा संप करावा लागला.

लोकभाषेने ह्या बाबतीत न्यायालयाच्या पुष्कळ आधी निर्णय दिलेला आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची रक्कम वऱ्हाडच्या खेड्यांत ‘निराधारचा पगार’ ह्या नावाने ओळखली जाते. कागदावर ते ‘अनुदान’ आहे. म्हातारी बँकेत चौकशी करते ती पगाराची. ‘पगार’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. त्यात दरमहा ठरल्या दिवशी न मागता मिळावयाची रक्कम, एवढा अर्थ लोकांनी भरला आहे. अनुदान मागावे लागते, पगार यावयाचा असतो. हा भेद लोकांनी अचूक पकडला आहे.

७

समितीच्या अहवालानंतर १ मार्च २०२४ रोजी मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात ‘सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना’ जाहीर केली. तीत शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन व त्यावर महागाईवाढ, आणि त्याच्या ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन अशी हमी आहे. त्यापूर्वी, २००५ च्या नोव्हेंबरपूर्वी जाहिरात निघून नंतर रुजू झालेल्या सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांस जुन्या योजनेचा विकल्प देण्यात आला होता. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने ‘एकीकृत निवृत्तिवेतन योजना’ जाहीर केली व दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. ह्या दोन्ही योजनांत अंशदान कायम आहे. परंतु मिळकत पुन्हा निश्चित झाली आहे. दुसऱ्या शब्दांत, ‘परिभाषित’ हे विशेषण अंशदानाकडून निवृत्तिवेतनाकडे परत गेले. ‘जुनी’ पेन्शन नावाने परत आली नाही. तिचा गाभा बऱ्याच अंशी परत आला. १९८२ च्या निकालातील सिद्धांत २००५ मध्ये मागे पडला होता, तो न्यायालयाऐवजी मतपेटी व संप ह्यांच्या मार्गाने अंशतः पुनःस्थापित झाला, असे म्हणता येईल.

येथवरच्या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सार्वजनिक खर्चातील कपात बहुधा प्रथम परिभाषेत होते व नंतर हिशोबात दिसते. ‘वेतन’ जाऊन ‘अंशदान’, ‘मानधन’ किंवा ‘सानुग्रह अनुदान’ आले की रकमेचा आकडा काही असो, दावा दुर्बल होतो. दुसरा असा की, आरोग्य व निवृत्तिवेतन हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. एकाच्या बदल्यात दुसरे मिळेल हा विचार वऱ्हाडच्या अनुभवाशी जुळत नाही; दोन्ही एकाच वर्षी व एकाच रीतीने आकुंचित झाले. तिसरा असा की, लढ्याचे फळ ज्या क्रमाने मिळाले तो क्रम शब्दांचाच आहे. ज्यांचे नाव आधीपासून ‘कर्मचारी’ होते त्यांना १९ वर्षांनी का होईना हमी मिळाली. ज्यांचे नाव ‘सेविका’ किंवा ‘स्वयंसेविका’ होते त्यांच्या पदरी मानधनातील वाढ आली. पदवीधर मतदारसंघात ज्यांची मते मोजली जातात आणि ज्यांची जात नाहीत, त्यांच्यातील अंतरही हेच आहे.

१८५३ मध्ये थकलेल्या वेतनापोटी वऱ्हाड तारण पडले, तेव्हा वेतन हे देणे आहे ह्याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नव्हते. ज्या कामाला वेतन म्हणावयाचे त्याची मर्यादा कोठवर न्यावयाची, हा प्रश्न त्यानंतरच्या इतिहासाने निर्माण केला. धारणीच्या अंगणवाडीपर्यंत ती नेली जाईल तेव्हाच हा लढा पूर्ण झाला असे म्हणता येईल.